कोईसोबत मोठा मासा सोडला की दर वेळी तीच कटकट का होते, आणि ती थांबवायची कशी

प्रॉब्लेम साधारण असा असतो. तळ्यात कोई, म्हणजे शोभेचे रंगीत कार्प मासे, मस्त रुळलेले असतात, पाणी स्वच्छ, फिल्टर सुरळीत, आणि मग वाटायला लागतं की अजून एखादा वेगळा मोठा मासा हवा, शेवाळ खाणारा किंवा नुसता दिसायला भारी. तो येतो, काही महिने सगळं छान चालतं, आणि मग एक दिवस एखाद्या कोईच्या कुशीवर लालसर सोललेला चट्टा दिसतो. औषध टाकलं की चट्टा भरतो आणि महिन्याभरात परत येतो, कधी त्याच कोईला, कधी दुसऱ्याला. किंवा मग नवीन मासाच बारीक होत होत मरतो, त्याच्या जागी दुसरा येतो आणि वर्षभरात पुन्हा तेच. मासा बदलला जातो पण निवडताना प्रश्न तोच विचारला जातो, "शांत आहे ना, मारामारी करत नाही ना?"

आता कोई स्वतःच इतका निरुपद्रवी मासा आहे की त्याच्याशी उघड मारामारी करणारे मासे फारसे कोणी आणतच नाही. कटकट होते ती तीन गोष्टींवरून. नवीन माशाचं तोंड कसं आहे, त्याला कुठलं तापमान मानवतं, आणि तो कुठे, केव्हा, काय खातो. या तिन्ही गोष्टी आधी बघा, स्वभाव त्यानंतर.

पण मासा निवडायच्या आधी, आत्ता जर कोईच्या अंगावर जखमा दिसत असतील तर त्या नीट वाचा, कारण सगळ्या जखमा नवीन माशाने केलेल्या नसतात आणि उगाच एखाद्या गरीब माशाला तळ्याबाहेर काढलं जातं. कुशीच्या सपाट भागावर गोल किंवा लंबगोल सोललेला चट्टा, वरचा बुळबुळीत थर गेलेला, कडेचे एखाद-दोन खवले उचकटलेले, आणि तो रात्रीतून आलेला, तर संशय चोषक तोंडाच्या माशावर, म्हणजे प्लेकोवर घ्यायचा. पाणी उबदार व्हायला लागल्यावर एका सकाळी एकाच जाड्या मादीच्या दोन्ही कुशींवरचे खवले गेलेत, पर फाटलेत आणि पाण्यावर फेस आहे, तर तो अंडी घालतानाचा पाठलाग आहे, नरांनी तिला भिंतीवर घासत नेलेलं असतं. पाठीवर भोसकल्यासारखी खूण असेल तर बगळा. आणि बरेचसे मासे तळाला किंवा पाइपला अंग घासत असतील तर परजीवी, त्यात माशांच्या उवा नुसत्या डोळ्यांनी दिसतात, पाच ते दहा मिलिमीटरच्या चपट्या पारदर्शक चकतीसारख्या, आणि अँकर वर्म म्हणजे खवल्यातून बाहेर आलेला दोऱ्यासारखा तुकडा. लाल खड्डा आणि त्याला पांढरट कड असेल तर तो बॅक्टेरियाचा अल्सर, आणि इथे जरा डोकं चालवावं लागतं, कारण अल्सर बहुतेक वेळा आधीच्या एखाद्या जखमेवरच होतो. म्हणजे प्लेकोने थर सोलला, उघड्या कातडीवर बॅक्टेरिया बसले, आपण अँटिबॅक्टेरियल उपचार केला, बरं वाटलं, आणि सोलणारा मासा मात्र अजून तळ्यातच. पुन्हा पुन्हा येणाऱ्या अल्सरच्या मागे हे मला बऱ्याचदा दिसतं.

खात्री करायची असेल तर रात्री दिवे बंद झाल्यावर दोन-तीन तासांनी मंद टॉर्च घेऊन गुपचूप बघायचं. प्लेको निशाचर आहे आणि कोई रात्री तळाजवळ जवळपास स्थिर असतात. चिकटलेला प्लेको प्रत्यक्ष दिसला तर वादच मिटला. नाही दिसला तरी संशयित मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा आणि कोईच्या अंगावर नवीन चट्टे येतात का ते रोज बघा. मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, आठवणीवर विसंबू नका, कोईच्या लाल-पांढऱ्या पॅटर्नमध्ये छोटी जखम सहज लपते.

प्लेकोबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण निम्म्या तक्रारी त्याच्याच असतात. लोक त्याला शेवाळ साफ करणारा म्हणून आणतात. लहान असताना तो ते थोडंफार करतोही. पण साधा प्लेको ३०-४० सेंमीपर्यंत वाढतो, आणि मोठा झाल्यावर भिंतीवरच्या शेवाळापेक्षा आयतं मिळणारं प्रथिन त्याला जास्त आवडतं. कोईच्या अंगावरचा चिकट थर म्हणजे प्रथिनच. उन्हाळ्यात शेवाळ भरपूर, पेलेटचे (खाद्याच्या गोळ्यांचे) तुकडेही पडलेले, त्यामुळे काही होत नाही आणि आपल्याला वाटतं जोडी जमली. मग पाणी गार व्हायला लागतं, आपण कोईचं खाणं कमी करतो, शेवाळ कमी होतं, आणि प्लेको भुकेला राहतो. त्याच सुमारास कोईही सुस्त होतात, त्याला झटकून टाकत नाहीत. म्हणून हा प्रॉब्लेम ऋतू बदलताना दर वर्षी परत येतो. पाणी अजून गार झालं, १५ अंशांच्या बरंच खाली गेलं, की प्लेकोच मरतो, कारण तो उष्ण कटिबंधातला मासा. मग पुढच्या उन्हाळ्यात नवीन प्लेको येतो आणि सगळं पहिल्यापासून. वर्षभर पाणी उबदार राहणाऱ्या तळ्यात तर तो मरतही नाही, नुसता मोठा होत राहतो. माझं मत स्पष्ट आहे, कोईच्या तळ्यात प्लेको नको. शेवाळासाठी यूव्ही दिवा, सावली, जास्तीचं खाणं बंद करणं आणि हाताने ओढून काढणं, एवढं पुरतं.

दुसरी मोठी फसगत म्हणजे कॅटफिश. चॅनेल कॅटफिश, त्यातही पांढरा अल्बिनो, बोटाएवढा असताना अतिशय गोड दिसतो. तो तळ्यात सहज अर्धा मीटर आणि त्याच्या पुढे वाढतो, थंडीही सहन करतो, म्हणून तापमानाच्या परीक्षेत पास होतो. नापास होतो तोंडात. कॅटफिशचं तोंड रुंद असतं आणि त्यात जे मावेल ते खाद्य असा त्याचा साधा हिशोब, आणि तो रात्री खातो त्यामुळे आपल्याला फक्त सकाळी मासे मोजताना एक कमी दिसतो. मोठ्या कोईला तो गिळणार नाही पण पर कुरतडलेले आणि कुशीवर ओरखडे सापडू शकतात. रेडटेल कॅटफिशचा तर विचारही करू नका, तो मीटरभर होतो आणि तोपर्यंत तळ्यात तोच एकटा उरलेला असतो. पंगासियस, ज्याला लहान असताना शार्क म्हणून विकतात, तो गिळण्याच्या बाबतीत एवढा वाईट नाही पण भयंकर दचकणारा, सावली पडली तरी सुसाट सुटतो, भिंतीवर तोंड आपटून घेतो आणि त्याच्या पळापळीने कोईही घाबरे होतात. वर तो मीटरच्या पुढे वाढतो आणि त्याला सतत उबदार पाणी लागतं. ऑस्कर, तिलापिया, पाकू, गार (लांब चोचीसारख्या तोंडाचा मासा), अरोवाना हे सगळे वेगवेगळ्या कारणांनी बाद, कोणी शिकारी, कोणी हद्दीसाठी भांडणारा, बहुतेकांना थंडी चालत नाही. तिलापिया शिवाय इतकी पिल्लं घालतो की फिल्टर हात टेकतो.

आता तापमान. कोई हा तसा फार सहनशील मासा, जवळपास गोठणाऱ्या पाण्यापासून ते ३० अंशांपर्यंत तो निभावून नेतो, १५ ते २५ मध्ये सगळ्यात खूश असतो. यामुळेच आपण फसतो, कारण कोई ठीक आहे म्हणजे पाणी ठीक आहे असं आपण धरून चालतो. सोबतीच्या माशाची सीमा कोईपेक्षा बऱ्याचदा अरुंद असते. एक थर्मामीटर कायम तळ्यात ठेवा आणि वर्षातला सगळ्यात गार आणि सगळ्यात गरम आकडा लिहून ठेवा. मासा निवडताना तुमच्या तळ्याचे हे दोन आकडे त्या माशाला झेपतात का एवढंच बघायचं. सरासरीवर जाऊ नका, मासे सरासरीला मरत नाहीत, टोकाला मरतात.

गरम टोकाचं उदाहरण म्हणजे स्टर्जन. लांबट, कवचासारख्या पट्ट्यांचा, प्राचीन दिसणारा मासा, कोईसोबत फिरताना अप्रतिम दिसतो आणि कोणाला काही करत नाही. आणि तरीही कोईच्या तळ्यात तो हळूहळू मरतो, मालकाला कळतही नाही का ते. त्याला गार आणि ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं, २० अंशांच्या खाली तो बरा असतो, त्याच्या वर पाणी तापत गेलं की झगडायला लागतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो हे आपण ऐकलेलं असतं, आकडे बघा म्हणजे अंदाज येईल, १० अंशांना लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, २० ला ९, आणि ३० ला साडेसात, तेही पाणी पूर्ण संपृक्त असेल तर. त्यात मोठ्या माशांनी भरलेलं तळं, रात्रभर शेवाळही ऑक्सिजन ओढतंय, म्हणजे पहाटे पातळी सगळ्यात खाली. कोई त्यातून तरतो, स्टर्जन नाही. शिवाय स्टर्जनला मागे पोहणं जमत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे तंतूवाल्या शेवाळात किंवा अरुंद कोपऱ्यात अडकला की तिथेच दमून मरतो.

पण स्टर्जन मरायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे उपासमार. तो तळावर मिशांनी चाचपडत हळूहळू खातो, आणि त्याला प्रथिनं-चरबी जास्त असलेलं बुडणारं खाद्य लागतं, कोईचे तरंगणारे धान्याचे पेलेट त्याच्या कामाचे नाहीत. आपण बुडणारं खाद्य टाकतो आणि ते कोई खाली जाऊन व्हॅक्यूम क्लीनरसारखे उचलतात. उपाय असा की आधी कोईंना एका टोकाला तरंगणारं खाद्य भरपेट द्या, त्यांचं लक्ष तिकडे असताना दुसऱ्या टोकाला स्टर्जनचं खाद्य सोडा, किंवा अंधार पडल्यावर पाइपमधून थेट तळाशी सोडा. वरून बघितल्यावर डोकं शरीरापेक्षा रुंद दिसायला लागलं, किंवा पोट आत गेलंय, तर त्याला पुरेसं मिळत नाहीये. आणि घेताना जात नक्की करून घ्या, स्टर्लेट त्यातल्या त्यात छोटा, साधारण मीटरपर्यंत, पण लहानपणी सगळे सारखेच दिसतात आणि सायबेरियन किंवा रशियन स्टर्जन दोन मीटरच्या आसपास जाऊ शकतो. सगळे स्टर्जन १९९८ पासून सायटीस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आहेत, त्यामुळे कागदपत्रं असलेलाच घ्या.

उपासमारीचा दुसरा प्रकार अजून छुपा आहे. सिल्व्हर कार्प, बिगहेड, कटला हे कार्पच्याच घराण्यातले, मोठे, शांत, म्हणून लोकांना वाटतं हे कोईसोबत जमणारच. पण हे पाण्यातलं प्लँक्टन, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, गाळून खाणारे मासे. सिल्व्हर कार्पच्या कल्ल्यांमधली चाळणी तर जवळजवळ स्पंजसारखी असते. कोईचं तळं आपण जेवढं काचेसारखं स्वच्छ करतो, यूव्ही लावतो, तेवढं त्यांचं ताट रिकामं होतं. वर सिल्व्हर कार्प उड्या मारण्यात पटाईत. हिरव्या पाण्याच्या शेततळ्यात हे मासे उत्तम, कोईच्या स्वच्छ तळ्यात नको.

मग जमतात कोण? माझ्या मते पहिला नंबर ऑर्फ, म्हणजे सोनेरी आइड. सडपातळ, चपळ, वरच्या थरात झुंडीने फिरणारा, ५० सेंमीच्या आसपास जातो, कोई तळाला आणि मधल्या थरात, हा वर, त्यामुळे जेवणावरून खेचाखेची नाही. पण किमान पाच-सहा हवेत, एकटा ऑर्फ घाबरून कोपऱ्यात बसतो. त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो, पाणी फार तापणाऱ्या तळ्यात तो नको, आणि तो उडी मारतो म्हणून काठावर जाळी किंवा उंच कड पाहिजे. दुसरा टेंच, तळाचा शांत मासा, कमी ऑक्सिजनही सहन करणारा, हिरवा घेतलात तर महिनोन्‌महिने दिसणार नाही, म्हणून सोनेरी घ्या. तिसरा चायनीज हायफिन बँडेड शार्क, नावात शार्क असला तरी तो सकर घराण्यातला गरीब मासा, लहानपणी पाठीवर उंच शिडासारखा पर आणि काळे पट्टे, मोठा झाल्यावर ते दोन्ही जवळजवळ जातात आणि तो मीटरच्या आसपास वाढू शकतो. म्हणजे जे बघून तुम्ही तो घेणार ते राहणार नाही हे मान्य असेल तरच घ्या. खाताना तो सावकाश, त्यामुळे स्टर्जनसारखंच त्याचं वेगळं बुडणारं खाद्य बघावं लागतं. आणि साधा गोल्डफिश, कॉमेट, शुबुनकिन यांना कमी लेखू नका, मोठ्या तळ्यात ते ३० सेंमीपर्यंत जातात आणि कोईसोबत काहीही त्रास नाही. फक्त फुगीर पोटाचे फॅन्सी प्रकार नकोत, ते खाण्याच्या शर्यतीत मागे पडतात.

ग्रास कार्प अर्धा होकार, अर्धा नकार. स्वभावाने कोईसोबत जमतो, तापमानही जमतं, पण कमळं, पाणवनस्पती सगळं फस्त करतो, पेलेटची चटक लागली की ज्या शेवाळासाठी आणला त्याच्याकडे बघतही नाही, मीटरपर्यंत वाढतो आणि जाळं पाहिलं की अशी उडी मारतो की माणूस जखमी होईल. काही देशांमध्ये तो पाळायला परवाना लागतो किंवा फक्त प्रजनन न होणारा ट्रिप्लॉइड चालतो, आधी नियम बघा. मोठं, खोल, झाकलेलं तळं असेल तर एक ठेवा, नाहीतर सोडून द्या.

मासा बरोबर निवडला तरी जागेचा हिशोब चुकला तर तेच दुखणं वेगळ्या रूपात येतं. आपण मासे नगावर मोजतो आणि फिल्टर मात्र वजनावर चालतो. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, म्हणजे १५ सेंमीचा मासा ६० सेंमीचा झाला तर तो चौसष्टपट वजनाचा झाला. दोन वर्षांपूर्वी जे तळं रिकामं वाटत होतं तेच आता गच्च भरलेलं असतं, एकही मासा न वाढवता. मोठ्या कोईमागे हजार लिटर हा सर्रास सांगितला जाणारा हिशोब मी कमीत कमी समजतो, आणि मीटरभर वाढणाऱ्या सोबत्यासाठी त्याच्या कितीतरी पट, शिवाय त्याला वळायला आणि सरळ पोहायला लांबी. माशांच्या घाणीतून होणारे अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, नुसते कमी नकोत. एअर पंप रात्री बंद करायची सवय असेल तर ती आजच सोडा, गरज रात्रीच जास्त असते.

क्वारंटाइनवर लोक कंटाळा करतात आणि इथे सगळं कमावलेलं जातं. केएचव्ही (कोई हर्पीस व्हायरस) हा विषाणू आजारी पाडतो फक्त कोई आणि कॉमन कार्पला, पण गोल्डफिश, ग्रास कार्प यांच्यासारखे मासे स्वतः ठणठणीत राहून तो अंगावर बाळगू शकतात. म्हणजे नवीन सोबती महिना झाला तरी मजेत, आणि कोई मरतायत, आणि आपण पाण्याला दोष देतोय. हा विषाणू साधारण १६ ते २५ अंशांमध्ये जोर धरतो, गार पाण्यात केलेलं क्वारंटाइन त्यामुळे काहीच सांगत नाही. नवीन मासा वेगळ्या टाकीत, वेगळं हातजाळं, वेगळी बादली, चार ते सहा आठवडे, पाणी २३-२४ अंश, आणि शक्य असेल तर त्याच्यासोबत तुमच्या तळ्यातला एक साधा कोई. तो कोई शेवटपर्यंत ठणठणीत राहिला तरच पुढे जा. मात्र २३-२४ अंश हे ऑर्फ आणि स्टर्जनसाठी गरमच, त्यांच्या टाकीत दुप्पट हवा सोडा आणि वरच्या थरात धापा टाकताना दिसले तर तापमान कमी करा.

औषधांचंही लक्षात ठेवा, मिश्र तळ्यात औषध सगळ्यात नाजूक माशाला बघून द्यायचं. उवा आणि अँकर वर्मवर वापरतात त्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांनी, उदाहरणार्थ ट्रायक्लोरफॉन, कोई वाचतात आणि ऑर्फ मरतात. बिनखवल्यांच्या माशांना बऱ्याच औषधांचा कोईचा डोस जड जातो. मिठाचं ०.३ टक्के पाणी, म्हणजे हजार लिटरला ३ किलो, कोईला आरामात चालतं पण सोबतच्या माशाला ते मानवतं का ते आधी बघा. म्हणून जमेल तिथे आजारी माशालाच बाहेर काढून उपचार करा, अख्ख्या तळ्यात ओतू नका.

आता चुकीचा मासा आधीच तळ्यात असेल तर. प्लेको दिवसा जाळ्यात सापडत नाही, कारण दगडांच्या सांदीत घुसून बसतो आणि ओढला तर काटे पसरून अडकतो. एका टोकाला बंद केलेला रुंद पाइप संध्याकाळी तळाशी ठेवा, आत काकडीचा किंवा भोपळ्याचा तुकडा, काही रात्रींत तो त्यालाच घर समजायला लागतो, मग सकाळी उघड्या तोंडाला जाळं लावून पाइप सावकाश उचला. कॅटफिश संध्याकाळी खायला वर येतो तेव्हा सपाट, मऊ जाळीच्या जाळ्यात घ्या, त्याचे बाजूचे काटे हाताला खोल लागतात, हातमोजे घालाच. काढलेला मासा कुठल्याही नदीत, तलावात सोडायचा नाही, प्लेकोने जगात कितीतरी ठिकाणी स्थानिक माशांची वाट लावली आहे ती अशाच सोडलेल्या माशांमुळे. मोठी टाकी असलेला माणूस, मत्स्यालय किंवा विकणाऱ्याकडे परत, यातलं काहीतरी शोधा, आणि सापडेपर्यंत वेगळ्या टाकीत नीट खायला घालून ठेवा, त्याचा त्यात काही गुन्हा नाही.

मासा काढल्यावर महिनाभर नवीन जखम आली नाही तर कारण सापडलं असं समजा. जुने चट्टे कोमट पाण्यात लवकर भरतात, १२ अंशांच्या खाली फार रेंगाळतात, त्या काळात कोईला हाताळणं टाळा आणि जखमेची कड रोज बघा, पांढरी होऊन पसरायला लागली तर माशांच्या डॉक्टरला फोटो दाखवा. आणि मासा काढूनही नवीन चट्टे येतच राहिले तर तो निर्दोष होता, मग कातडीवरचा थर हलकेच खरवडून मायक्रोस्कोपखाली बघायला हवा, कारण आता शोध परजीवींचा आहे.